तारेची मुरड

प्रिय छर्रू,

आधी पाकीट नीट बघ. झाकण चिकटतं तिथे मी पेन्सिलीने तीन तिरप्या रेघा मारणार आहे. त्या एकमेकींना जुळत नसतील तर पत्र वाटेत कुणीतरी उघडलंय असं समज, आणि ते कोण हे खाली येईलच. म्हणशील, बाबांचं सुरू झालं. होय, सुरू झालं. एकाहत्तर वर्षांचा झालो, त्यातली पन्नास लोकांच्या सायकली खोलण्यात गेली. आत काय बिघडलंय ते वरून ओळखायची सवय लागलीय, ती माणसांच्या बाबतीत सोडू कशाला?

अकराव्या मुक्कामावर आहे. एकतीसपैकी अकरा शिक्के यात्रेच्या वहीत पडले. म्हणजे बारा पडलेत, पण ती भानगड पुढे सांगतो. तब्येत ठीक. डावा गुडघा चढावर कुरकुरतो, त्याला मी विचारत नाही. खोलीत सहा लोखंडी खाटा, खिडकीच्या दोरीवर सगळ्यांचे मोजे, आणि दाराचं बिजागर असं करकरतं की कुणी आलं-गेलं ते मला झोपेतही कळेल. खाट मी मुद्दाम दाराजवळची घेतलीय. फोन घरी कपाटात ठेवून आलो ते तुला एव्हाना सापडलं असेल. त्यात म्हणे माणूस कुठे आहे ते घरबसल्या दिसतं. मग नकोच तो.

आपली पैज तुझ्या लक्षात असेलच, तरी कागदावर असलेली बरी. माझ्याच सायकलवरून, एकतीस शिक्के घेऊन मी शेवटच्या देवळापर्यंत पोचलो, तर त्या डॉक्टरचं नाव पुन्हा घरात काढायचं नाही आणि दुकानातली माझी खुर्ची हलवायची नाही. नाही पोचलो, तर तू म्हणशील ती पूर्व दिशा. लोकांना नवस आहे म्हणून सांगितलं. कसला डोंबलाचा नवस! देवाला सगळं ठाऊक आहे, त्याच्यापुढे ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? ज्याच्या डोक्यात सातशे किलोमीटरचा रस्ता मावतो त्याचं डोकं ठिकाणावर आहे, एवढंच मला दाखवायचंय.

आणि तो तुझा डॉक्टर तरी काय! कागदावर घड्याळाचं चित्र काढा म्हणाला, अकरा वाजून दहा मिनिटं झालेलं. मी काय घड्याळजी आहे? मी त्याला छत्तीस आऱ्यांचं चाक काढून दिलं, आरा न आरा मोजून, हवा भरायच्या व्हॉल्व्हसकट. तर तो तुझ्याकडे बघून हळूच मान हलवतो, आणि तू माझ्या हातावर हात ठेवतेस. तेव्हाच मला कळलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

नेमक्या त्याच आठवड्यात वस्तादांची चावी जाते. आरे ताणून वाकड्या चाकाचा आऊट काढायची ती पितळी चावी. मला धंदा शिकवणाऱ्या वस्तादांनी त्यांचे हात थरथरायला लागल्यावर माझ्या हातात ठेवली होती. चाळीस वर्षं त्याच खिळ्याला, आणि त्या सकाळी खिळा रिकामा. दुकानात तू आणि मी, तिसरं कोण? त्यात तू गिअरच्या सायकली ठेवायला लागल्यापासून जुनी हत्यारं एका खोक्यात भरून ठेवू म्हणत होतीस. मी तुला चोर म्हणालो. गिऱ्हाइकांसमोर म्हणालो ते नको होतं, एवढं कबूल करतो. पण तूही एक शब्द बोलली नाहीस. पंप खाली ठेवलास आणि आत निघून गेलीस. खरं माणूस असं गप्प बसतं का? तू भांडली असतीस, दोन भांडी आपटली असतीस, तर मला बरं वाटलं असतं. आईवर गेली असतीस तर आपटलीच असतीस.

आणि मी यात्रेला निघतो म्हटल्यावर तू अडवलंही नाहीस. जावईबापूंबरोबर स्वयंपाकघराचं दार लोटून कुजबुजलीस, बाहेर आलीस आणि म्हणालीस, जा बाबा. इतकं सोपं? तिसऱ्या दिवशी मान खाजली म्हणून बघतो तर कोटाच्या कॉलरखाली चिंधी शिवलेली. तिच्यावर माझं नाव, पत्ता आणि तुझा नंबर. मी काय हरवलेली छत्री आहे? तोडणार होतो, पण कात्री नव्हती.

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या मुक्कामापासून एक माणूस माझ्या मागे आहे. धंद्याने शिंपी आहे म्हणे. साठीचा, उंच, मशीनवर बसून बसून पाठीत वाकलेला, आणि चालवतो लेडीज सायकल, पुढे टोपली लावलेली. मी निघालो की निघतो, मी बसलो की बसतो. प्रत्येक फाट्यावर पुढे जाऊन थांबतो आणि मी कुठे वळतो ते बघतो. मी चहात साखर घालताना माझ्या चमच्याकडे बघतो. काल तर कॉलरच्या चिंधीकडे बघून म्हणाला की हे मुलीने शिवलंय ना. मी म्हटलं, तुम्हाला काय ठाऊक? तर म्हणे, टाक्यावरून कळतं. टाक्यावरून! टाक्यावर काय नातं लिहिलेलं असतं? छर्रू, खरं सांग, हा माणूस तू पाठवलास का?

शिवाय माझ्या सायकलला कुणीतरी हात लावतंय. आधी वाटलं भास आहे. मग सीटच्या दांड्यावर खिळ्याने बारीक ओरखडा काढून ठेवला. सकाळी सीट ओरखड्यासकट बोटभर वर! दुसऱ्या दिवशी चेनला तेल घातलेलं. त्याच्या पुढच्या दिवशी मागचा ब्रेक कसलेला. तेल घालून जाणारा चोर मी जन्मात पाहिला नाही, आणि म्हणूनच मला जास्त संशय येतो. सरळ चोर असता तर सायकल घेऊन गेला असता.

आणि तो जादाचा शिक्का. सातव्या मुक्कामाचा शिक्का माझ्या वहीत दोनदा आहे, एकाखाली एक. तिथल्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, काका, तुम्हीच जेवण झाल्यावर परत आलात, शिक्का द्यायचा विसरलात म्हणून मलाच बोललात. मी? मी सरळ विचारलं, त्या शिंप्याने तुम्हाला काय पढवलंय? तर बाई माझ्याकडे अगदी तुझ्यासारखं बघायला लागल्या. म्हणजे तिथेही त्याने संधान बांधलंय. हे लिहून ठेवतोय, कारण पुढे तू म्हणशील, बाबा, पुरावा काय. इथे पोस्टाची पेटी नाही आणि कुणाच्या हाती पत्र द्यायचं तर सगळे त्याच्याशी हसून बोलतात. तेव्हा आज ते माझ्या खिशातच राहील.

वरचं लिहिलं त्याला तेरा दिवस झाले. आता बाविसाव्या मुक्कामावर आहे. दोन दिवस इथेच आहे. सकाळचं ऊन आलंय, अंगणातल्या बाकावर बसून लिहितोय. मघाशी वरची पानं वाचली आणि फाडायला हात गेला होता. फाडली नाहीत. का ते शेवटी सांगतो. आधी सगळं क्रमाने सांगू दे, नाहीतर माझंच सूत हरवेल.

परवा लांब उतार लागला. मी जोरात सोडली. तू म्हणतेस तसा म्हातारा झालो नाही हे उतारावर फार पटतं. वळणावर खड्डा होता, पुढचं चाक त्यात गेलं. पडलो नाही, पण चाकाचा पार आऊट झाला, दर फेरीला ब्रेकला घासायला लागलं. चार किलोमीटर हातात धरून आणली. शिंपी त्याची सायकल धरून मागे. मनात एकच, वस्तादांची चावी असती तर अर्ध्या तासाचं काम होतं, आणि चावी नाही म्हणजे इथेच पैज संपली. या गावात सायकलचं दुकानही नाही. सायकल अंगणाच्या भिंतीला टेकवली आणि उपाशीच आडवा झालो.

सकाळी बघतो तर चाक सरळ. नुसतं सरळ नाही, छर्रू, फिरवलं तर केसभरही हलेना. असं चाक बघून मला खरं तर नाचायला हवं होतं, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आऊट काढायला चावी लागते. चावी ज्याच्याकडे, त्याने हे केलं. म्हणजे माझी चावी तू चोरलीस आणि त्याला दिलीस. कशासाठी ते मला जुळवता येईना, पण संशयाला जुळणी लागते कुठे? मी तसाच खोलीत गेलो आणि सगळ्यांच्या देखत त्याची पिशवी खाटेवर उपडी केली. त्यातून मापाची टेप निघाली, खडू, अंगुस्तान, सुयांची डबी, दोन सदरे, एक अर्धवट शिवलेला बायकी झगा. चावी नव्हती. तरी मी ओरडलो, चोर म्हणालो. तोच शब्द.

आणि तो खाली वाकला. एकेक वस्तू उचलून परत पिशवीत ठेवत राहिला, झगा नीट घडी करून. तू पंप खाली ठेवलास ना, अगदी तस्सं. तरी मी मागे फिरलो नाही. मोडेन पण वाकणार नाही, तुझी आई म्हणायची तेच.

पिशवी भरून झाल्यावर तो मला दंडाला धरून अंगणात घेऊन आला. सायकलसमोर पायरीवर बसवलं आणि म्हणाला, माझ्याकडे बघू नका, कामाकडे बघा. मी कापड बघून सांगतो कुणाचा हात फिरलाय. तुम्हाला तुमच्या धंद्यात कळतं की नाही? मी म्हटलं, कळतं तर. मग सांगा म्हणाला, हे कुणाचं काम आहे.

मी बघितलं. चाक सरळ केल्यावर पुढच्या ब्रेकची तार नव्याने ओढून बसवली होती, आणि तारेचं उरलेलं टोक मुरडलेलं होतं. दोन पीळ, मग टोक आत दुमडून खाली दाबलेलं. ताजं होतं, चकचकत होतं. छर्रू, तू चार वर्षांची होतीस. दुकानात बेअरिंगच्या छर्ऱ्यांच्या डब्यात हात घालून बसायचीस म्हणून तर हे नाव पडलं. एका गिऱ्हाइकाच्या ब्रेकची सुटी तार तुझ्या तळव्यात घुसली. केवढं रक्त, आणि तुझ्याहून मोठ्याने मी रडलो. त्या दिवसापासून माझ्या हातून एकही तार टोक आत मुरडल्याशिवाय बाहेर गेली नाही. बाकीचे मेकॅनिक तोडतात आणि सोडून देतात. ही मुरड जगात दोघांनाच येते. आणि तू डावरी, तुझा पीळ डावीकडे जातो. तारेचा पीळ उजवीकडे गेला होता.

मग त्याने माझा कोट उतरवला आणि कॉलर उलटून चिंधी दाखवली. दोऱ्याचं टोक तू मानेला टोचू नये म्हणून दोन पीळ देऊन आत दुमडलंयस, डावीकडे. तो म्हणाला, टाके वेडेवाकडे आहेत, शिवणकाम येत नाही पोरीला, पण जीव लावून शिवलंय, आणि ज्याने या सायकलच्या तारा वळवल्या त्यानेच हिला शिकवलंय, हे मी पहिल्या आठवड्यातच ओळखलं. मग त्याने सावकाश सांगितलं. आजवर चार वेळा त्याने मला पहाटे उजाडताना सायकलपाशी बसलेलं पाहिलंय. सीट, तेल, ब्रेक, सगळं मीच. त्या पहाटे तर चाक त्यानेच धरलं होतं. मी त्याच्यावर खेकसत होतो म्हणे, छर्रू, हात हलवू नकोस, सरळ धर. आणि आऊट निघाल्यावर शाबास म्हणून त्याच्या डोक्यावर टपली मारली.

चावी कुठून काढली, मी विचारलं. त्याने बोट दाखवलं. सीटच्या खाली, स्प्रिंगच्या मधे, जुन्या ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळून तारेने बांधलेली. टोक आत मुरडलेलं, उजवीकडे. तारेला घरचा गंज चढलेला. म्हणजे तार इथली नाही, दुकानातली; पहाटे काम उरकून मी तीच परत बांधली होती. तुझ्यापासून जपून ठेवायला मीच ती लपवली असणार, आणि मग तुलाच चोर म्हणालो. काखेत कळसा आणि गावाला वळसा असं म्हणतात, मी तर बुडाखाली चावी घेऊन पाचशे किलोमीटरचा वळसा घातला. हसू आलं आधी. मग रडलो. पायरीवर बसून, हमसून हमसून, लोक मोजे घालत होते त्यांच्यासमोर.

शिंपी बसून राहिला. मग त्याने सांगितलं की ती लेडीज सायकल त्याच्या बायकोची. शेवटची दोन वर्षं ती त्याला ओळखत नव्हती. रोज सकाळी विचारायची, शिंपी कधी येणार, माझा झगा शिवायचाय. आणि हा रोज नव्याने तिचं माप घ्यायचा. झगा अर्धवट राहिला. म्हणून तो माझ्या चमच्याकडे बघत होता, म्हणून फाट्यावर थांबत होता. चौथ्या फाट्याला मी उलटा घरच्या रस्त्याला लागलो होतो, त्याने हाक मारून वळवलं. मला त्यातलं काही आठवत नाही. त्याला तू पाठवलं नव्हतंस, हेही त्याने सांगितलं. पण कुणी पाठवलं असतं तर निदान उघडपणे सोबत करता आली असती, असंही म्हणाला.

तर पैज मी हरलो. नऊ शिक्के राहिलेत. तू ये. तुझी सायकल घेऊन गाडीने इथपर्यंत ये, जावईबापूंना दुकान सांभाळू दे. हे नऊ मुक्काम तू पुढे राहा, मी तुझ्या मागच्या चाकाकडे बघत येईन, फाट्यावर तू वळशील तिकडे वळेन. परत आल्यावर डॉक्टरकडेही येतो. घड्याळ काढायचा प्रयत्न करतो. मागच्या वेळी ते जमेना म्हणून चाक काढलं होतं, हे तुलाही तेव्हाच कळलं असणार. तू येईपर्यंत शिंपी थांबतोय. हे पत्रही तोच पेटीत टाकणार आहे, तेव्हा पाकिटावरच्या तीन रेघा शोधत बसू नकोस, मारल्याच नाहीत.

आता हे सगळं का लिहिलं ते. तू चोर नाहीस, छर्रू. माझ्या सोन्यासारख्या पोरीला मी चारचौघांत चोर म्हणालो, त्याची माफी मागतो. आज मला हे लख्ख कळतंय, पण उद्या कळेल याची खात्री नाही. पुन्हा एखाद्या सकाळी खिळा रिकामा दिसेल आणि मी तुला तोच शब्द म्हणेन. त्या दिवशी पंप खाली ठेवून आत जाऊ नकोस. हे पत्र काढ. आधी वरची पानं वाचून दाखव, म्हणजे मला कळेल की तेव्हाही मला अशीच पक्की खात्री होती. मग खालची वाच. मी म्हणेन अक्षर माझं नाही, शिंप्याने लिहवून घेतलं, तू बनवलंस. म्हणू दे. मग पानं माझ्या हातात दे. ती मी टाचणीने जोडलेली नाहीत, ब्रेकच्या तारेने बांधलीत. दोन पीळ, टोक आत, उजवीकडे. त्या तारेवरून मला बोट फिरवू दे आणि तोवर माझ्याजवळ बसून राहा.

तुझाच, निदान आजच्या सकाळी सगळं आठवणारा,
बाबा